दोर नव्हता, सापच होता

भीतीबद्दल कुणी बोलायला लागलं की रज्जुसर्पाचा दृष्टान्त हमखास येतो. अंधारात वाटेवर दोरी पडलेली असते, माणसाला ती साप वाटते, त्याला दरदरून घाम फुटतो. मग कुणी दिवा आणतं, दोरी दिसते आणि भय मावळतं. अद्वैताने हा दृष्टान्त जगाच्या मिथ्यात्वासाठी वापरला. आजची प्रेरणादायी व्याख्यानं तो भीतीच्या मिथ्यात्वासाठी वापरतात. भीती हा मनाचा खेळ आहे, तिच्याकडे धीटपणे बघा, ती उरणार नाही, असं सांगतात.

मी ज्या गावात शिकवते तिथे दिवा आणल्यावर पुष्कळदा सापच निघतो.

गाव सिंधुदुर्गातलं, सह्याद्रीच्या अंगाला सरकलेलं. जांभ्या चिऱ्यांचे गडगे, काजूच्या बागा, मधून वाहणारा ओहोळ आणि एकमेकींपासून लांब लांब पडलेल्या वाड्या. जून लागला की सगळं इतकं हिरवं होतं की पाऊल कुठे टाकायचं ते कळत नाही. मी डोंबिवलीत वाढलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली, आदेशावर या गावाचं नाव होतं, आणि ते वाचून पहिला विचार मनात आला तो पगाराचा नव्हता, मुलांचा नव्हता. तिथे साप असतील, हा होता.

ही भीती मला घरातून मिळाली. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात साप येण्याची शक्यता शून्य होती, तरी टीव्हीवर साप दिसला की आई पाय वर घेऊन बसायची आणि म्हणायची, "बदल गं ते." मीही पाय वर घ्यायला शिकले. आईला दोष देण्यासारखं यात काही नाही. तिचं बालपण देशावरच्या खेड्यात गेलं होतं, तिच्या सख्ख्या काकाला उसाच्या फडात पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता, आणि ते वाचले नव्हते. तिच्या भीतीला कारण होतं. माझ्याकडे आली ती फक्त भीती, कारण मागेच राहिलं.

पहिल्या पावसाळ्यात त्या भीतीने माझं आयुष्य किती लहान करून टाकलं ते आता सांगताना स्पष्ट दिसतं. मी ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्यांचं न्हाणीघर आणि संडास परसात होते, म्हणून मी दिवेलागणीनंतर पाणी पिणं सोडलं. पालकांना भेटायला संध्याकाळी वरच्या वाडीत जायचं असायचं, मी ते रविवारच्या दुपारवर ढकलायची, आणि दुपारी पालक कामावर असायचे. कार्तिकात देवळाची जत्रा आली. दशावतारी नाटक रात्रभर चालतं, सगळं गाव तिथे जातं, माझ्या वर्गातली मुलं आठवडाभर आधीपासून राजाची आणि राक्षसाची सोंगं नाचवत होती. मी कडी लावून आत बसले. लांबून पेटी आणि पखवाज ऐकू येत होता. नाटक ऐकायला मिळतंय एवढ्यावर समाधान मानायचं, असं मी स्वतःला बजावलं.

माझ्यासाठी गोष्ट फिरली ती वर्गात. श्रावणातली दुपार, पाऊस उघडलेला, दार सताड उघडं. मागच्या बाकावरून ओरडा झाला, "बाईनू, जनावर इला!" उंबऱ्यावरून एक लांबलचक तपकिरी अंग आत सरकत होतं. मी फळ्याजवळ थिजले. हातातला खडू पडला. चौथीतला एक मुलगा शांतपणे उठला, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "काय नाय, धामण आसा ती." बाकीची मुलं भिंतीकडे झाली, वाट मोकळी केली, आणि धामण उंदराच्या वासाने आली असेल तशीच दुसऱ्या दाराने निघून गेली. सगळा प्रकार मिनिटभराचा. पण पहिलीतली एक मुलगी रडायला लागली. ती सापाकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

पुढे मानसशास्त्राचं वाचताना सुझन मिनेका यांचे १९८०च्या दशकातले प्रयोग समोर आले, तेव्हा ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली. प्रयोगशाळेत जन्मलेल्या ऱ्हीसस माकडांना सापाचं भय नव्हतं. साप समोर असला तरी ती त्याच्यापलीकडचं खाणं हात लांबवून घ्यायची. मग त्यांना रानात वाढलेल्या माकडांची सापासमोरची घाबरगुंडी बघायला दिली. थोड्याच वेळात तीही घाबरू लागली, आणि ही भीती टिकली. नुसत्या चित्रफिती दाखवूनही हे झालं. फितीत फेरफार करून माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं, तेव्हा मात्र बघणारी माकडं फुलाला घाबरायला शिकली नाहीत. म्हणजे सापाची भीती पटकन उचलण्याची तयारी जन्माने मिळते, आणि ती पेटवायला शेजाऱ्याचा चेहरा पुरतो. त्याच संशोधनाचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या माकडांनी आधी न घाबरणारी माकडं पाहिली होती, त्यांच्यावर नंतरच्या घाबरगुंडीचा परिणाम फारसा झाला नाही. त्यांना जणू लस टोचली गेली होती.

तोवर माझी भीती मी स्वतःची खाजगी बाब समजत होते. पाणी मी पीत नाही, नाटक मी बघत नाही, यात दुसऱ्याचं काय जातं? पण वर्गात पंचवीस-तीस जोडी डोळे दिवसभर माझ्या चेहऱ्याकडे लागलेले असतात. माझ्या आईने मला जे दिलं ते मी या मुलांना देत होते, आणि इथे साप टीव्हीतला नव्हता.

त्याच वर्षी गवत कापणीच्या दिवसांत एका विद्यार्थ्याच्या आईला फुरसं चावलं. फुरसं वीतभर, फार तर हातभर लांबीचं असतं, मातीच्या आणि वाळल्या पानांच्या रंगाचं, जांभ्याच्या कातळावर दिसतच नाही. कोकणात ते इतकं आहे की इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे. त्या बाईंना आधी विष उतरवणाऱ्याकडे नेलं, तिथे दुपार गेली. मग जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं, तिथे त्या दिवशी इंजेक्शन शिल्लक नव्हतं. हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर गाडी करून रात्री गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात. आमच्याकडचे रुग्ण अडलेल्या वेळी तिकडेच जातात. त्या वाचल्या. बऱ्याच दिवसांनी परत आल्या तेव्हा खूप वाळल्या होत्या आणि त्यांचा मुलगा वर्गात पुन्हा बोलायला लागला होता.

त्यांना गोव्याला नेलं त्या रात्री मला झोप लागली नाही. उद्या शाळेच्या आवारात हे घडलं तर मी काय करणार, हा प्रश्न सरळ उभा होता आणि मला त्याचं एकही उत्तर येत नव्हतं. मुलाला झोपवायचं की बसवायचं, पाय बांधायचा की नाही, कुठे न्यायचं, कुणाची गाडी, तिथे औषध असेल का? त्या रात्रीची भीती नेहमीची नव्हती. नेहमीची भीती मला दारं लावायला सांगायची. ही भीती प्रश्न विचारत होती, आणि प्रश्नांची उत्तरं बाहेर जाऊनच मिळणार होती. माझ्या पायाला साप चावेल हे भय मला अनेक महिने खोलीत बसवून ठेवू शकलं. माझ्या वर्गातल्या मुलाच्या पायाला चावेल या भयाने मला दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्राच्या दारात उभं केलं.

तिथल्या डॉक्टरांनी वेळ काढून शिकवलं. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी, पैंजण, काळा दोरा लगेच काढायचा, कारण सूज आली की तेच फास होतात. हाड मोडल्यावर जसा हात-पाय हलू देत नाहीत तसा तो स्थिर ठेवायचा, रुग्णाला चालवायचं नाही, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची, १०८ला फोन करायचा. साप पकडून आणायचा नाही. मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते एका साध्या चाचणीने. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचं थोडं रक्त घेतात आणि ती नळी वीस मिनिटं न हलवता ठेवून देतात. मग एकदाच तिरकी करून बघतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनतंय असं समजतात आणि प्रतिविष सुरू करतात. ना मोठं यंत्र, ना वीज. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी विसरू शकत नाही. प्रतिविषाची मात्रा लहान मुलाला मोठ्या माणसाइतकीच देतात. औषध विषाला उतारा म्हणून असतं, आणि साप समोर लहान मूल आहे म्हणून विष कमी सोडत नाही.

मग मी वाचत गेले. भारतात २००० ते २०१९ या वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि पाव हिस्सा पंधरा वर्षांखालच्या मुलांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत घातलं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा. हे आकडे वाचून माझी भीती कमी झाली नाही. पण मी वेडी नव्हते हे कळलं. पाय वर घेऊन बसणाऱ्या माझ्या आईच्या भीतीत एक खरं जग होतं, आणि ते जग औषध, वेळ, रस्ता आणि उजेड यांनी बनलेलं होतं.

त्याबरोबरच भीतीची वाटणीही झाली. आधी सगळे साप एकच होते. आता धामण, दिवड, हरणटोळ, कवड्या, मांडूळ हे एका बाजूला गेले, त्यांच्यापासून जिवाला धोका नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार दुसऱ्या बाजूला राहिले. आपल्याकडचं प्रतिविष याच चौघांसाठी बनतं. या चौघांच्याही वेळा आणि जागा कळत गेल्या. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते, ती तिची ताकीद असते, तिथे थांबायचं आणि मागे फिरायचं. मण्यार ताकीद देत नाही. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा तो चावा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरच्यांना वाटतं बाधलं असेल काहीतरी. कवड्या आणि मण्यार यांत लोक नेहमी गफलत करतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे पांढरे पट्टे मानेकडे नसतात किंवा फिकट असतात आणि शेपटीकडे स्पष्ट होतात. हे मी मुलांना शिकवते तेव्हा लगेच पुढचं वाक्यही सांगते, की ओळखण्यासाठी जवळ जायचं नाही. शंका आली की मण्यारच समजायची.

जी भीती आधी चोवीस तास आणि सगळीकडे होती, ती आता ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी राहायला आली. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. लाकडं उचलायच्या आधी काठीने वाजवायची. झोपायचं खाटेवर, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून. धान्य सांडलं की उंदीर येतो आणि उंदरामागे साप, म्हणून पोषण आहाराच्या खोलीचा केर शाळा सुटायच्या आधी निघतो. मी पुन्हा रात्री पाणी प्यायला लागले. हे लिहायला किरकोळ वाटेल, पण तहान लागली की पाणी पिता येणं याला मी माझ्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टींत धरते.

कोकणातल्या माणसाला इथे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९७०च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होते, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, त्यांत मुलं फार, हृदय आणि फुप्फुस निकामी होऊन जात होती. चाळीस टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत. ते खाटेशेजारी बसून रुग्णाच्या शरीरात तासातासाला काय घडतं ते टिपत राहिले आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरलं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं काम छापलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाची भीती कोकणात शेकडो वर्षं होती, तिच्यावर मंत्र होते, उतारे होते. त्या भीतीजवळ बसून नोंदी ठेवणारा माणूस मिळायला मात्र इतका काळ जावा लागला. मी डॉक्टर नाही, माझ्याकडून असं काही व्हायचं नाही. पण घाबरवणाऱ्या गोष्टीशेजारी वही घेऊन बसायचं असतं, एवढं मी त्यांच्या कामातून घेतलं. शाळेत एक वही आहे. गावात कुठे कोणता साप दिसला, किती वाजता, कुणाला दिसला, हे मुलं तिच्यात लिहितात. त्या वहीमुळेच आम्हाला कळलं की शाळेमागच्या गडग्याची एक पडलेली बाजू ही फुरशांची नेहमीची जागा आहे. ती बाजू पालकांनी एका रविवारी काठ्या आणि घमेली घेऊन साफ केली आणि पुन्हा रचली.

साप समोर असताना उभं राहणं हे वेगळं शिक्षण होतं, ते पुस्तकातून आलं नाही. तालुक्याचे एक सर्पमित्र आहेत, वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन केला की बहुधा तेच येतात. पहिल्यांदा ते आले तेव्हा मी खळ्याच्या कडेला उभी होते. पुढच्या वेळी थोडी जवळ. एकदा त्यांच्यासोबत कुणी नव्हतं आणि न्हाणीघरात अंधार होता, तेव्हा ते सहज म्हणाले, "बाई, जरा बॅटरी धराल?" मी धरली. हात थरथरत होते, उजेड भिंतीवर नाचत होता. ते वैतागले नाहीत, म्हणाले, "दोन्ही हातांनी धरा, आणि सापाकडे नको, माझ्या आकड्याकडे बघा." मी साप उचलायच्या त्या आकड्याकडे बघत राहिले. नाग बरणीत गेला, झाकण लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की मधली सगळी मिनिटं मी काम करत होते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी नेमकं हेच पद्धतशीरपणे केलं होतं, हे मला फार नंतर कळलं. १९६९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सापाच्या भयाने ज्यांचं जगणं अडलं होतं अशा लोकांवर काम केलं. उपचार करणारा आधी स्वतः साप हाताळायचा, मग रुग्णाला सोबत घेऊन एक एक पायरी चढायचा, शेवटी रुग्ण एकटा. काही तासांत बहुतेकांचं भय गेलं. नंतर जे समोर आलं त्याने बांडुरांना स्वतःलाच विचारात पाडलं. ही माणसं सांगायला लागली की सापाशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टीही आता त्यांना जमतात. लोकांत बोलणं, पूर्वी टाळलेली कामं अंगावर घेणं. आपल्याकडून हे होऊ शकतं, हा अनुभव एका जागी आला की तो तिथेच थांबत नाही. स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाबद्दलचा त्यांचा पुढे गाजलेला सिद्धान्त, जो त्यांनी १९७७ साली मांडला, त्याचं एक मूळ या सापांत आहे.

माझ्यापुरती याची खूण ग्रामसभेत पटली. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं की सभा भरते. शिक्षक म्हणून मी दरवर्षी तिथे बसायचे आणि वही उघडून खाली मान घालायचे. भर सभेत उभं राहून बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो, तो शाळेत असल्यापासून. त्या वर्षी मी उभी राहिले आणि विचारलं की आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती बाटल्या आहेत हे गावाला कळायची काय सोय आहे, आणि रात्री अडीचला वरच्या वाडीत कुणाला पान लागलं तर गाडी कुणाची. आवाज कापत होता. मागून कुणीतरी म्हणालं, बाईंनी शाळा बघावी. मी खाली बसणार होते, पण ज्यांना फुरसं चावलं होतं त्या उठल्या. त्यांनी विष उतरवणाऱ्याच्या अंगणात गेलेली दुपार सांगितली, हिरड्यांतलं रक्त सांगितलं, बांबोळीच्या वाटेत मुलाचं नाव आठवेना ते सांगितलं. सभेत कुणी हललं नाही. मी विचारलेला प्रश्न त्यांच्या तोंडी गेल्यावर त्याला वजन आलं.

सगळं झालं असं नाही. आज शाळेच्या भिंतीवर गावातल्या गाडीवाल्यांचे फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहेत, आणि मृग लागायच्या सुमाराला आरोग्य केंद्रातून साठ्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर येतो. विष उतरवणाऱ्या आजोबांशी डॉक्टर स्वतः जाऊन बोलले. आता ते मंत्र म्हणतात, पण गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर. मला हा मार्ग फार आवडला, यात कुणाचा मान गेला नाही. वाड्यांवरचे दिवे मात्र अजून आलेले नाहीत.

एका गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं, ती म्हणजे भीती पूर्ण गेलेली माणसं. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना पटावं, असा त्यामागे हेतू होता, आणि सापांबद्दलचा गैरसमज कमी करण्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. पण आज मोबाइलसमोर नागाला गळ्यात घालणारी, त्याचं चुंबन घेणारी तरुण मुलं दिसतात. त्यांतली काही त्याच चित्रफितीनंतर जातात. भीती गेली म्हणजे वाढ झाली, असं त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. आमचे सर्पमित्र इतकी वर्षं हे काम करतात आणि अजून प्रत्येक वेळी बरणी उघडायच्या आधी थांबून श्वास घेतात. मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ज्या दिवशी भ्यायचो नाही, त्या दिवशी मी हे काम सोडीन." त्यांच्या भीतीने त्यांना नीटपणा दिला आहे. माझी भीतीही मला ठेवायची आहे, तिने मला बॅटरी धरायला आणि बोलायला शिकवलं.

आणि भीतीतून प्रेरणा घ्या, असं सांगणाऱ्यांना मला एक विचारायचं आहे. लावणीला अनवाणी उतरणाऱ्या बाईला सापाची भीती नसते का? असते, माझ्यापेक्षा जास्त असते. पण चिखलात गमबूट रुतून बसतात, आणि रोज बुडवून चालत नाही. तिला भीतीने शहाणं करायची गरज नाही, ती शहाणीच आहे. तिला जवळचा दवाखाना हवा, त्यात औषध हवं, तिथवर नेणारा रस्ता हवा. माझ्या भीतीचं काहीतरी करता आलं, कारण माझ्याकडे वाचता येणारे डोळे होते, रजेचे दिवस होते, शाळेतली बाई म्हणून मिळणारा मान होता. ज्यांच्याकडे हे नाही त्यांना तुमची भीती हीच तुमची शक्ती आहे असं सांगणं मला जमणार नाही. त्यांच्या भीतीचा काही भाग आपण उचलायचा असतो, आणि तो उचलण्याइतकं बळ ज्याच्याकडे आहे त्याने आपली भीती फक्त स्वतःच्या उन्नतीसाठी वापरून थांबू नये असं मला तीव्रतेने वाटतं.

सध्या माझ्यासमोर ओहोळावरचा साकव, म्हणजे छोटा पूल आहे. जुलैत पाणी चढलं की तो बुडतो आणि पलीकडच्या वाडीतल्या मुलांना शाळेत येता येत नाही. तिथे रात्री कुणाला काही झालं तर गाडी अलीकडेच थांबते. गेल्या पावसात एका आजीला खुर्चीत बसवून चार जणांनी छातीएवढ्या पाण्यातून आणलं. साप चावला नव्हता, दम लागला होता. सर्पदंश असता तर तेवढा वेळ मिळाला नसता. अर्ज मी लिहिला आहे, पलीकडच्या मुलांचे गैरहजेरीचे दिवस हजेरीपटावरून काढून जोडले आहेत, ग्रामसभेचा ठराव झाला आहे. आता तो घेऊन ओरोसला जिल्हा परिषदेत जायचं आहे, साहेबांच्या दालनाबाहेर बसायचं आहे, आणि आत बोलावल्यावर बोलायचं आहे. मला त्या दालनाची भीती वाटते. सोबत फुरसं चावलेल्या त्या बाई येणार आहेत, त्यांना सोमवारी कामावरून सुटी मिळते. म्हणून आम्ही सोमवार ठरवला आहे.